दहा रात्रींपुरती जागा

सांडशी तापलेली होती. पाटलीणबाईंनी ती माझ्या पोटरीवर टेकवली आणि दाबून धरली.

मी तेव्हा नऊ वर्षांची. त्यांच्या धाकट्या सुनेच्या बाजेवर बसले होते. बाज म्हणजे बाळंतिणीची सुंभाने विणलेली खाट. मांडीवर सुनेचं बारा दिवसांचं बाळ होतं. कातडी जळाल्याचा वास आला, मी गुरासारखी ओरडले, पण बाळ सोडलं नाही. सुईणीची पोर मी. अंगावर आभाळ पडलं तरी हातातलं मूल पडू द्यायचं नाही, एवढं मला चालायच्या आधीपासून येत होतं.

बाळ त्यांनी हिसकावून घेतलं. मोरीत नेलं. थंड पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. बाळ निळं पडलं, मग रडलं. माझ्या मांडीवर ते हसत होतं. पण मी शिवले होते ना! त्यांच्या लेखी पोर गारठून मेलं असतं तरी चाललं असतं, माझ्या मांडीचा विटाळ राहिलेला चालला नसता.

आता हे का झालं ते सांगते.

आमचं गाव आसेगावच्या अलीकडे. गावाच्या कडेला मांगवाडा. माझी माय गावाची सुईण. पाटलाघरची सून सातव्या महिन्यात गेली की त्यांच्याकडून सुपाभर ज्वारी यायची, वर एक नारळ. सूप आलं म्हणजे सुईण ठरली. माय त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला शब्द द्यायची नाही. बाळंतपण करायचं आणि पुढच्या दहा रात्री बाळंतिणीच्या खोलीतच झोपायचं, असा तो करार. बाळंतीण बाजेवर, बाजेखाली शेकाची शेगडी, आणि शेगडीच्या पलीकडे भुईवर गोणपाट टाकून माय.

मांगीण पाटलाच्या घरात दहा रात्री झोपते, हे कसं चालतं? सोपं आहे. बाळंतिणीला दहा दिवस विटाळ असतो. तिला सासू शिवत नाही, नवरा शिवत नाही. जेवणसुद्धा दारातून आत सरकवतात. म्हणजे दहा दिवस पाटलाची सून आणि मांगाची बायको एकाच जातीच्या. बाराव्या दिवशी खोली सारवायची, बाजेवर गोमूत्र शिंपडायचं, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. तिचा विटाळ फिटतो. आमचा तसाच राहतो.

त्या वेळी माय मला सोबत घेऊन गेली होती. घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं. सून सोळा वर्षांची असेल. शिरपूरकडचं माहेर. पहिलं बाळंतपण, आणि ते सासरी. पहिल्याच रात्री तिने बाजेवरून हात खाली सोडला आणि अंधारात मला चाचपलं.

"ये वं पोरी, वर ये. मले भेव लागून राह्यलं."

मी मायकडे पाहिलं. दिवसभर राबून ती मेल्यासारखी झोपली होती. मी वर गेले. सुनेने मला पोटाशी घेतलं. एका बाजूला बाळ, एका बाजूला मी. खालून शेगडीची ऊब. जन्मात पहिल्यांदा मी भुईपासून वर झोपले. खरं सांगते, एवढं सुख मला नंतर नवऱ्याच्या घरीसुद्धा मिळालं नाही. दहाही रात्री ती मला वर घ्यायची आणि उजाडायच्या आत खाली उतरवायची. मायला कळलं होतं. तिने होऊ दिलं.

अकराव्या दिवशी आम्ही मागच्या दाराने घरी आलो. बाराव्या दिवशी बारसं होतं. उरलंसुरलं मिळेल म्हणून आम्ही त्यांच्या आवाराबाहेर बसलो होतो. आतून बाळ रडलं. त्याचं रडणं मला ओळखू यायचं. हे भुकेचं नव्हतं, कुणीतरी घ्या म्हणतानाचं होतं. मी उठले आणि सरळ आत गेले. खोली मला पाठ होती. बाजेवर चढले, बाळ घेतलं. ती जागा दहा रात्रींपुरतीच होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांडशी त्यानंतरची.

मला अंगणात आणून टाकलं. बारशाला आलेल्या बायका घुगऱ्या खात बसल्या होत्या. पाटलीणबाईंनी सुनेला दारात बोलावलं. न्हाऊन-माखून, हिरवं लुगडं नेसून ती उभी राहिली.

"कोनं चढवलं इले बाजीवर? सांग!"

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती सांगेल. ती बाळाच्या टोपड्याकडे बघत म्हणाली,

"म्या नाई. थेच चढली."

पाटलीणबाई मायकडे वळल्या. "तुही पोट्टी माजली वं. आवरतं का आमी आवरू?"

मायने कुडातून तुराटी, तुरीची वाळलेली काठी, उपसली. मला मारायला लागली. पाठीवर, हातावर, जळलेल्या पोटरीवर. तुराटी मोडली, तिने दुसरी उपसली. माझी माय! मी तिच्या पायाला मिठी मारत होते आणि ती मला झटकून मारत होती. बायका बघत होत्या. घुगऱ्या खात होत्या. एक जण म्हणाली, "पुरे कर वं, मरंल." पाटलीणबाई "पुरे" म्हणाल्या नाहीत तोवर मायचा हात थांबला नाही.

घरी येऊन तिने माझ्या पोटरीला खोबरेल लावलं. स्वतःच रडली. "म्या नसतं मारलं त त्याईनं मारलं असतं. त्याईच्या हाताले थांबनं मालूम नाई."

तिचं खरं होतं. तरी मी तिला माफ केलं का? नाही. आजही नाही. ती मेली तेव्हा मी पोटभर रडले, पण तो मार मी विसरले नाही. आणि तो तिच्या हातात कुणी दिला, तेही विसरले नाही.

सात वर्षं गेली. मायची बोटं आखडली. काम मी करू लागले. माझा हात तिच्यापेक्षा हलका, असं आमच्या आळीतल्या बायका म्हणायच्या. मधल्या काळात त्या सुनेची दोन बाळंतपणं मायनेच केली. मी त्या घराची पायरी चढले नाही.

मग त्याच सुनेसाठी पुन्हा सूप आलं. पाटलाचा गडी घेऊन आला. मी दारात उभी राहिले.

"सूप खाली ठेवू नको," मी म्हणाले. "आंधी ऐक. मी येईन. बाळंतिनीच्या बाजीशेजारी माही बाज लागंल. दहा राती मी वर झोपीन. तसं असंल त ठेव सूप."

गडी हसला. हसत हसत गेला. संध्याकाळी निरोप घेऊन आला. पाटलीणबाई म्हणाल्या होत्या, "पायातली वहान पायातच बरी, म्हना तिले."

माय माझ्यावर उखडली. "सूप वापस करते! पोटाले काय सांगशीन?"

"पोटाले सांगीन, दम धर."

मायने माझ्याकडे पाठ फिरवली. दोन महिने आमच्या चुलीने खरंच दम धरला.

दिवस भरले. भर दुपारी गडी धावत आला. मूल पायाळू होतं. एक पाय बाहेर आला होता आणि तिथेच अडलं होतं. मी उठले आणि पळत सुटले. कुणी म्हणेल, किती मोठं मन! मोठंबिठं काही नाही. बाई ओरडत होती म्हणून पाय धावले, हे खरं. पण मला तिच्यासमोर उभंही राहायचं होतं. तिला माझी गरज असताना उभं राहायचं होतं.

तिने मला ओळखलं. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "सोडू नको वं मले." मी हात आत घालून दुसरा पाय शोधला. घामाने डोळे चुरचुरत होते. तासाभराने मुलगा झाला. रडला नाही. मी त्याला उलटा धरून पाठीवर दोन चापट्या मारल्या, तोंडात तोंड घालून घाण ओढून घेतली, थुंकले. मग रडला. नाळ कापली. मुलामागून वार, म्हणजे नाळेची पिशवी, पडली, ती मडक्यात काढून कोपऱ्यात ठेवली. वार सुईणीनेच पुरायची, दुसऱ्या कुणी शिवायची नाही. बाळंतपणातली तीच सगळ्यात मोठी घाण, असं ते मानतात.

हात धुतले. ओसरीवर एक रिकामी बाज उभी होती. मी ती उचलली, खोलीत आणली, सुनेच्या बाजेशेजारी आडवी टाकली आणि तिच्यावर पाय पसरून झोपले. दिवस मावळत होता. दार उघडंच ठेवलं.

पाटलीणबाई दारात आल्या.

"कोनं आनली थे बाज?"

त्या सुनेकडे बघत होत्या. मीही तिच्याकडे बघत होते. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"म्या नाई. थेच घेऊन आली."

मला हसू आलं. या वेळी तरी खरं बोलली!

"मीच आनली," मी म्हणाले. "अन् मीच झोपून राह्यली. सांगून ठेवलं होतं."

त्यांनी शेगडीतली सांडशी उचलली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते खोटं नाही. पण मी आता नऊ वर्षांची नव्हते. मी त्यांचं मनगट पकडलं. म्हातारीचं हाड. हातातली सांडशी खाली पडली. त्या "शिवली, शिवली!" असं ओरडल्या. दुखलं म्हणून ओरडल्या नाहीत, मी शिवले म्हणून.

मग धाकटा पाटील आला. बाळाचा बाप. त्याने मला केसांना धरून बाजेवरून ओढलं, खोलीतून ओढलं, उंबऱ्यावर माझं डोकं आपटलं. अंगणात पाडलं. दोन गडी माझ्या खांद्यांवर बसले.

"याच हातानं धरला नं माह्या मायचा हात?"

त्याने बुटाची टाच माझ्या उजव्या हातावर ठेवली आणि सगळा भार देऊन फिरवली. दोन बोटं मोडली. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. थोड्याच वेळापूर्वी त्याच बोटांनी त्याच्या मुलाचा पाय धरून त्याला जगात आणलं होतं. गरज सरो, वैद्य मरो. त्याने वैद्य मरायची वाटसुद्धा पाहिली नाही.

मी रांगत घरी आले. मायने हात पाहिला. चिंधी बांधली.

सकाळी गडी आला. दारापासून लांब उभा राहिला.

"वार तशीच पडून हाये. माशा घोंघावून राह्यल्या. कोनी हात लावत नाई. मोठ्या बाई म्हनते, या, पुरा, अन् उरलेल्या राती काढा. लुगडं देतो म्हनते."

"तू काहून नाई पुरत?" मी विचारलं.

"म्या?" तो दचकला. "म्या कायले?"

माय उठली. तिने पदर खोचला. मला वाटलं, ही आता जाणार. आयुष्यभर गेली, आजही जाणार. मी बांधलेला हात घेऊन दारात आडवी झाले.

"माय, जाशीन त मले तुडवून जाय."

ती माझ्या हाताकडे बघत होती. मग पदर सोडला आणि चुलीपाशी खाली बसली. गड्याला म्हणाली, "जाय बाबा. आमच्याकडून नाई होत."

ऊन वर आलं तसा गडी परत आला. या वेळी जवळ आला, आवाज खाली करून बोलला. "बाज देतो म्हनते. पन रातच्याले. सकाळी उचलून ठेवाची. बाहेर कोनाले सांगाचं नाई."

एक क्षण माझं मन खाली घसरलं, लपवणार नाही. हात ठणकत होता. पोटात काही नव्हतं. बाज मिळत होती. मग मला दिसलं की ही तर तीच जुनी बाज. अंधारात वर घ्यायचं, उजाडायच्या आत खाली उतरवायचं. आणि दिवसा विचारलं की सांगायचं, थेच चढली.

"सांग तुह्या मोठ्या बाईले," मी म्हणाले. "वार तुमची हाये. तुमच्या हातानं पुरा."

शेजारच्या गावातल्या सुईणीकडेही त्यांनी माणूस पाठवला. माझ्या मोडलेल्या हाताची बातमी त्याच्या आधी पोचली होती. ती आली नाही. टळटळीत दुपारी पाटलीणबाई मागच्या दाराने निघाल्या. नाकाला पदर, दोन्ही हातांत मडकं. परसाच्या टोकाला त्यांनी स्वतः खड्डा खणला. आमच्या आळीतल्या बायका बांधावर उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी फक्त पाहिलं.

पुढे गोड काही झालं नाही. पाटलाने आमच्या आळीचं काम बंद केलं. तुरीच्या हंगामात आमची माणसं दूर मेडशीकडे राबायला गेली. माझ्याच लोकांनी मला शिव्या घातल्या. "एका बाजीपायी आमची भाकर घालवली," म्हणाले. घालवली. मी नाही म्हणत नाही. बोटं वाकडीच जुळली. त्याच वाकड्या बोटांनी मी नंतर कितीतरी मुलं काढली.

बाईच्या कळांना मी कधी नाही म्हटलं नाही, पुढेही म्हणणार नाही. बोलवा, मी येईन. पण माझ्या दारात सूप पाठवू नका. मला रात्र मोजून जागा देऊ नका. दिवसाउजेडी, तुमच्या सोयऱ्यांसमोर, तुमच्या हाताने माझी बाज टाका. नसेल टाकायची तर मूल काढून, नाळ कापून मी तुमच्या समोरच्या दाराने निघून जाईन, आणि मागे जे उरेल ते तुम्ही उचलाल. मी भुईवर झोपणार नाही.