टुम्बातेचोचा आवाज

बारांकिया शहरात निकानोर पोलोला लोक त्याच्या नावापेक्षा त्याच्या पिकोच्या नावानं जास्त ओळखत. पिको म्हणजे कपाटाएवढी, भडक रंगवलेली स्पीकरपेटी. याच्या पिकोचं नाव टुम्बातेचो, म्हणजे छप्पर पाडणारा. शेजाऱ्यांचा पत्रा थरथरला नाही, तर गाणं वाजलं असं हा गडी मानायचाच नाही.

यंदा त्याच्या आईचा, पेत्रोनाचा ऐंशीवा वाढदिवस होता. म्हातारीला हल्ली शेजारचं भांडणसुद्धा नीट ऐकू येत नव्हतं, आणि भांडण म्हणजे तिचा जीव की प्राण! नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं एकच मागणं होतं.

"तुझ्या बाबाबरोबर नाचले ना, ते कुंबिया नाचाचं गाणं एकदा ऐकव रे पोरा."

ऐन वेळी जुना ॲम्प्लिफायर गचकला. मग निकानोरनं सिनेमा बघायचा घरातला ॲम्प अंगणात आणला. त्याचे दोन चॅनल जोडून एकच दणदणीत चॅनल करता येत होता. झालं, याला तेवढंच हवं होतं!

"मागे लिहिलंय ते वाच जरा," बायको एनेइदा म्हणाली. "असं जोडलं तर स्पीकरचा रोध आठ ओहमच्या खाली जायला नको. तुझ्या पेटीत आठ-आठचे दोन स्पीकर समांतर जोडलेत, म्हणजे झाले चार. जीव जाईल बिचाऱ्या ॲम्पचा."

"लिहिणाऱ्यानं कधी पिको ऐकलाय का?"

पहिल्या ठोक्याला कोंबड्या कुंपणावर उडाल्या. दुसऱ्या कडव्याला ॲम्प तापला, लाल दिवा लागला आणि सगळं चिडीचूप. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"अरे, छप्पर राहू दे, गाणं तरी पूर्ण होऊ दे!" पाहुण्यांतून कुणीतरी ओरडलं.

निकानोरचं तोंड एवढंसं झालं. त्यानं जोड सोडवली, एकेका चॅनलला एकेक स्पीकर लावला आणि गाणं पुन्हा सुरू केलं. ॲम्प थंड राहिला, पण आवाज पार बसला.

"एवढ्याशा आवाजात आईला काय कप्पाळ ऐकू येणार!" तो रडकुंडीला आला.

पेत्रोना उठली. तिच्या तरुणपणी पोरी नाचून दमल्या की पिकोला टेकायच्या, तशी पेटीला पाठ लावून उभी राहिली. गाण्यातल्या ढोलाचा ठेका तिच्या पाठीतून आत गेला. डोळे मिटले, आणि कुंबिया नाचताना बायका मेणबत्त्या धरतात तसा तिचा उजवा हात वर गेला.

"पोरा, अजून थोडं कमी कर," ती म्हणाली. "तुझा बाबा काहीतरी सांगतोय."

निकानोरनं आयुष्यात पहिल्यांदाच आवाजाचं बटण उलटं फिरवलं.