बिरोबाची फळी आणि ज्ञानेश्वरीचं डबडं

ज्ञानेश्वरीचा राग चार वर्षं मुरलेला होता. काळ गेला की माणूस विसरतं म्हणे! विसरतं ते, ज्याचं काही गेलेलं नसतं.

वाळूजच्या एका कारखान्यात ती लोखंड कापायचं मशीन चालवायची, आकड्यांवर चालणारं. मेंढरं राखणाऱ्या घरातली आयटीआय झालेली पहिली पोर ती. सुपरवायझर साहेबराव तिच्या सासरच्याच गावचा, वेरूळच्या पलीकडचा. एक दिवस त्यानं प्रोग्राममध्ये आकडा चुकवला, कटर थेट लोखंड आवळून धरणाऱ्या वाईसमध्ये घुसलं आणि मशीन मोडलं. मालकापुढं हा बहाद्दर म्हणाला, बाईच्या हातात मशीन दिलं की हेच व्हायचं. नोकरी गेली, त्याचं एवढं नाय. पण गावात तिचं नाव पडलं 'मशीनफोडी'. सासूला, बानाबाईला, नळावर बाया विचारायच्या, सून सध्या काय फोडती? हे नाव पुसायचं, आणि ज्यानं लावलं त्याच्याच तोंडानं पुसून घ्यायचं, एवढंच तिनं मनात धरलं.

भंगारातल्या पट्ट्या, मोटरी जमवून तिनं पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं मशीन उभं केलं, लाकूड कोरायचं. साहेबरावनंही तोवर नोकरी सोडून तसलंच मशीन टाकलं होतं, वर झकपक लॅपटॉप. आता हिनं कोणता कॉम्प्युटर घ्यावा, यावर ज्याला त्याला मत. नवरा रामहरी म्हणाला, लॅपटॉपच घे. दुकानदार म्हणाला, चोरीचं सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो. ती कुणाचं ऐकती व्हय! मोटरीला इशारा वेळेवर लागतो. धनगरी गजी नाचताना ढोल चुकला की सगळ्यांची पावलं चुकतात, तसं असतं ते. लॅपटॉप मधेच स्वतःचं काहीतरी काढून बसतो. तिला पळणारा नको होता, वेळेचा पक्का हवा होता.

शहागंजात जुन्या सामानाच्या दुकानात तिनं मोटरींची तार जोडता येईल असं मागं प्रिंटरचं रुंद सॉकेट असलेले चार जुने कॉम्प्युटर मांडायला लावले. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, त्यावर मशीन चालवायचं फुकट मिळणारं, राजरोस सॉफ्टवेअर, आणि एकेकाची वेळेची परीक्षा घेतली. गाणी लाव, खिडक्या उघड, फाइली कॉपी कर, होईल तेवढं छळलं. तीन अडखळले. चौथा, पिवळा पडलेला, कोपऱ्याला फुटका, ठोक्याला ठोका देत राहिला. दुकानदार म्हणाला, ताई, हे डबडं तर मी मोडीत घालणार होतो. तिला ते डबडं लई आवडलं. घरी आणून तिनं त्याचं इंटरनेटही बंद करून टाकलं.

यंदा गावदेव बिरोबाच्या पालखीची कोरीव फळी नवी करायची ठरली. ज्ञानेश्वरीचं नाव निघालं तेव्हा लोक हसले, आणि काम गेलं साहेबरावकडं. देवाच्या सागाच्या तीन फळ्या त्याला दिल्या. पहिली अर्धी झाली आणि लॅपटॉप अपडेट घ्यायला बसला, कटर भरकटलं. दुसरीला त्याच्या चोरीच्या सॉफ्टवेअरनं मान टाकली. उरली एक फळी, आणि शुक्रवारी जत्रा. सोमवारी नाक मुठीत धरून तो शेडमध्ये आला, फळी आणि पेनड्राइव्ह घेऊन. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाय.

"कोरून देते," ती म्हणाली. "पण बिरोबापुढं भंडारा उचलायचा, आन सांगायचं कटर कुणी घुसवलं."

हळदीचा भंडारा उचलून खोटं बोलायची आमच्याकडं कुणाची छाती नाय. साहेबरावलाही ते ठाऊक होतं. तो तणतणला, तुझ्यावाचून अडलंय का माझं म्हणाला, आणि फळी, पेनड्राइव्ह तिथंच टाकून गेला. दोन दिवस शहरभर हिंडला. पण शेवटची फळी, तीही देवाची म्हटल्यावर कुणी हात लावेना.

बुधवारी संध्याकाळी देवळापुढं सगळा गाव जमला. बानाबाई मुद्दाम पुढं बसली. साहेबरावनं भंडारा उचलला.

"आकडा माझा चुकला," तो म्हणाला. "तिनं आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाय."

हे दुसरं कबूल करणं तिनं मागितलंही नव्हतं, देवाच्या धाकानं निघालं ते. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्ञानेश्वरीला आनंद झाला, पोटभर झाला. दयाबिया काही आली नाय, का यावी?

साहेबराव हात झटकत म्हणाला, आता तरी मशीन चालू कर, उद्याचा एकच दिवस उरलाय. ती उठली, रिक्षात ठेवलेलं गोधडीचं गाठोडं आणलं आणि देवापुढं सोडलं. आत फळी होती. कोरलेली, घासलेली, तेलपाणी केलेली.

साहेबराव फळीवर वाकला. "ही कधी केली?"

"सोमवारीच. तुमची गाडी कोपऱ्यावर वळली तवाच लावली. देवाचं काम मी अडवीन व्हय?"