धोंड्याच्या महिन्यातला माझा आलेख

मी आठवीला सरासरी शिकवतो. शिकवताना नेहमी सांगतो, की आकडा मिळाला म्हणून लगेच तोंड उघडायचं नाही, तो कुठून आला ते आधी विचारायचं. वर्गात मला हे छान जमतं. घरी मात्र दोन वर्षांपूर्वी मी या नियमाची पार वाट लावली, आणि ते आठवलं की अजून एकटाच हसत बसतो.

तेव्हा आम्ही सोलापुरातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि बायकोचा एका घरावर जीव जडला होता. माझ्या शाळेजवळचं, तळमजल्यावरचं, मागं धुणं वाळत घालायला उन्हाची जागा असलेलं. मालकीण विणकर घराण्यातल्या, एकट्याच राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. त्यांना घर विकून पुण्याला मुलीकडं जायचं होतं, पण वर्ष झालं तरी घर विकलं जात नव्हतं. बायको म्हणायची, घेऊन टाकू. मी म्हणायचो, थांब, भाव अजून पडेल. बाजार मंद होता हे खरंच होतं. नव्या इमारतींवर सवलतींचे फलक लटकत होते आणि बिल्डर येईल त्याला चहा पाजत होते. माझ्यासारख्या चिकट माणसाला याहून सुखाचे दिवस कुठले?

माझा एक वर्गमित्र नोंदणी कार्यालयाबाहेर दस्त लिहायला बसतो. दर महिन्याला घरांची खरेदीखतं किती झाली ते मी त्याला विचारायचो आणि आलेखाच्या कागदावर ठिपका मारायचो. रेघ हळूहळू उतरतच होती. त्या महिन्यात ती धाडकन कोसळली, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निम्म्याहूनही खाली. लोकांच्या मंदीचा मला इतका आनंद झाला, की आज सांगायलाही लाज वाटते.

त्याच रविवारी सासुरवाडीला, मंगळवेढ्याला, आमचं जेवण होतं. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार, आणि तेहतीस अनारशांचं वाण दिलं. मी सहा धोंडे खाल्ले आणि खाता खाता सासऱ्यांना घरांचा बाजार समजावून सांगितला. आता अम्मांपुढं कागद ठेवतो आणि भाव पाडून घेतो, असंही बोललो. सासरे ज्वारीचे शेतकरी, शांतपणे ऐकून घेणारे. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, तुमी शिकल्यालं मानूस. आमाला त्यातलं काय कळतंय?" आणि सातवा धोंडा वाढला. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मला वाटलं, कौतुकानं गहिवरली असेल.

सोमवारी शाळा सुटल्यावर एकटाच अम्मांकडं गेलो. कागद पसरला, रेघेवरून बोट फिरवलं, बाजार कसा बसलाय ते सांगितलं आणि त्यांच्या किमतीपेक्षा बराच कमी आकडा टाकला. अम्मांनी चष्मा लावून कागद नीट बघितला.

"रेघ चांगली काढलाय," त्या म्हणाल्या. "पर सर, ह्या म्हैन्यात घर कोण घेतंय? धोंड्याचा म्हैना हाय की."

तोंडाला अजून कालच्या तुपाची चव होती. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना. जावयाला धोंडे खाऊ घालायचे आणि नवं घर, नवा व्यवहार पुढं ढकलायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. गेल्या वर्षी याच इंग्रजी महिन्यात धोंडा नव्हता. गिऱ्हाईक पळालं नव्हतं, पंचांग बघून घरी बसलं होतं. सात धोंडे रिचवूनही मला माझ्याच आलेखात धोंडा दिसला नव्हता. आठवीतल्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मी कागद गुंडाळायला लागलो. म्हाताऱ्या बाईला पाडून भाव सांगितला, आता हे घर गेलं, आणि बायकोला काय तोंड दाखवू?

"बसा वो," अम्मा म्हणाल्या. "तुमच्या मंडळीनं ह्याच्यापेक्षा कमीत ठरवलंय. तुमचाच आकडा जास्त हाय. कुटला घेऊ?"

बायको पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेली होती. तिनं बाजार कसा आहे ते विचारलंच नाही. घर का अडलंय, एवढंच विचारलं. येणाऱ्या प्रत्येकाला लगेच चावी हवी होती आणि मुलीकडं जागेची सोय होईपर्यंत, निदान दिवाळीपर्यंत, अम्मांना इथंच राहायचं होतं. हे माझ्या कुठल्याच ठिपक्यात नव्हतं. बायको म्हणाली, राहा की मागच्या खोलीत. अम्मांनी आपणहून किंमत उतरवली. इसार तेवढा महिना संपायची वाट बघत होता. मंगळवेढ्यात हे सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय.

अधिक संपला आणि नोंदणी कार्यालयात ही गर्दी उसळली. अर्धा दिवस रांगेत उभं राहावं लागलं, आणि मी लग्नातल्या नवऱ्यासारखा हसत उभा होतो.

दिवाळीनंतर अम्मांची मुलगी टेम्पो घेऊन आली. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, हे तेव्हा कळलं. अम्मांची ट्रंक टेम्पोत चढली. अम्मा बायकोचा हात धरून उभ्या राहिल्या, सोडेचनात. मुलीनं माझ्याकडं बघितलं, मी मुलीकडं. मग मी टेम्पोत चढलो, ट्रंक खाली घेतली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली.