आत्ता नको, नंतर या!

इटलीतल्या डोंगराळ गावात हॉटेलात कसं राहावं, याची मला संपूर्ण माहिती आहे. मी तिथे कधी गेलेले नाही, एवढंच.

अनुजा आणि निखिल, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, आम्ही सुट्टीत इटलीला चाललोय, आल्प्समधल्या एका छोट्या गावात. बाबा म्हणाले, तिकडच्या हॉटेलांबद्दल तुलाच विचारा. काही टिप्स दे ना!" हे सांगताना तुमचे बाबा हसत होते का, ते मला कळवा.

तर सूचना पहिली. तिकडे नळावर 'C' लिहिलेलं असेल तर त्यातून गरम पाणी येतं. तो इटालियन 'काल्दो'चा, म्हणजे 'गरम'चा C; इंग्रजी 'कोल्ड'चा त्याच्याशी काही संबंध नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तेही पहिल्या वर्गात (हे आपलं सहज सांगितलं), त्यामुळे तुमच्या आजोबांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं की C म्हणजे गार. ते बिचारे माझ्यावर विश्वास ठेवून नळाखाली बसले. परत आले तेव्हा पाठीवरची लाली विमानातही उतरली नव्हती.

दुसऱ्या सूचनेसाठी मात्र तुम्हाला माझ्याबरोबर सांगलीला, विश्रामबागेतल्या आपल्या जुन्या घरी यावं लागेल.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आजोबा साखर कारखान्यात इंजिनिअर होते. कारखान्याला यंत्रं पुरवणाऱ्या इटलीतल्या कंपनीनं त्यांना बोलावलं: तीन आठवडे या, यंत्रं बघा, शिकून जा. राहायची सोय डोंगरातल्या एका हॉटेलात. शिवाय सोबत घरातलं एक माणूस आणलंत तरी चालेल. ते माणूस कोण, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी लगेच लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. स्वतःच्या मापाचा!

अडचण एकच होती. तुमचे बाबा तेव्हा दुसरीत. त्यांना सांभाळायला रहिमतपूरहून मामंजी आणि सासूबाई येऊन राहिले, तरच मला जाता येणार होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे, तुमचे पणजोबा. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, पण आवाज अजून निवृत्त झाला नव्हता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "इचार करतो आन् म्होरल्या ऐतवारी यिऊन सांगतो." म्हणजे माझी इटली त्यांच्या मिशीला टांगलेली!

मधल्या काळात मी तयारीला लागले. तयारीशिवाय मी भाजी आणायलासुद्धा जात नाही, हे तुम्ही जाणता. आणि खरी तयारी हवी होती ती आजोबांची. तुमच्या आजोबांना 'नाही' म्हणता येत नसे. एकदा पुण्याला लॉजवर उतरले असताना चादरी बदलायला आलेल्या माणसाला त्यांनी आत घेतलं, चहा पाजला, त्याच्या मुलीसाठी दोन स्थळं सुचवली, आणि ज्या मीटिंगसाठी गेले होते ती बुडवून परत आले. असा माणूस परदेशी हॉटेलात दार उघडत बसला तर यंत्रं कोण बघणार?

म्हणून मी त्याच्या आधीच्या रविवारी घरात हॉटेलची रंगीत तालीम ठेवली.

व्हरांड्यात टेबल मांडलं, त्यावर पांढरं कापड, वही आणि घंटा. (घंटा देवघरातली. देवांची क्षमा मागून आणली होती.) भिंतीवर नियमांचा कागद: मोठ्यानं खाकरू नये, बाहेर जाताना किल्ली टेबलावर द्यावी, निघताना टिप ठेवावी. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आमच्या झोपायच्या खोलीचं दार होतं, ती झाली खोली नंबर सात. परदेशातल्या हॉटेलांत गिऱ्हाइकानं किल्ली खिशात घालून नेऊ नये म्हणून तिला जड पितळी लोढणं बांधलेलं असतं, असं मी वाचलं होतं. आमच्याकडे पितळी आणि जड असा फक्त खलबत्त्यातला बत्ता होता. तो बांधला. दाराला पुठ्ठ्याची पाटी अडकवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कृपया त्रास देऊ नये'. तुमच्या बाबांना शेजारी खेळायला पाठवलं.

"आता नीट ऐका," मी आजोबांना बजावलं. "तुम्ही आतून कडी लावून बसा. कुणी दार वाजवलं की उघडायचं नाही. आतूनच म्हणायचं, 'आत्ता नको, नंतर या.' मी मधूनमधून आवाज बदलून येईन. फसू नका!"

"आवाज बदलून म्हणजे?"

"कसाही. दूधवाल्याचा, तुमच्या साहेबांचा. कॉलेजात मी नाटकात कामं केलीत, विसरलात का?"

दूधवाल्याच्या आवाजाला ते पहिल्याच झटक्यात फसले. "किती लिटर?" म्हणत दार उघडून उभे! मी त्यांना परत आत कोंडलं, जरा कडक शब्दांत समज दिली, आणि इटालियन न्याहारी मांडायला स्वयंपाकघरात गेले. (वाळका पाव, जाम आणि दूध नसलेली कॉफी. हे लोक डोंगर चढतात तरी कशाच्या जोरावर!)

आणि नेमके तेव्हा मामंजी आणि सासूबाई फाटकातून आत आले. पुढच्या रविवारी येणारे या रविवारीच! फलटणला कुणाचं तरी लग्न होतं, ते आटोपून परस्पर आमच्याकडे. डोक्यावर ज्वारीचं पोतं, काखेत वाकळ. पुढचं सगळं मला सासूबाईंनी नंतर सांगितलं, आणि मरेपर्यंत दर दिवाळीत सांगितलं.

मामंजींनी सातव्या खोलीचं दार वाजवलं.

"आत्ता नको," आतून आवाज आला. "नंतर या."

मामंजी चमकले. "आरं, आमी हाय."

"टॉवेल आहेत. नंतर या."

"टावेल? कसला टावेल? आरं शिरपा, मी आबा हाय, आबा!"

आत तुमचे आजोबा खुदकन हसले. "वा! आवाज झकास जमलाय हं. पण आता मी फसायचा नाही."

"कुनाचा आवाज?"

"आबांचा. फक्त आबा इतकं हळू बोलत नाहीत."

यावर मामंजींनी अशी डरकाळी फोडली की समोरच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"आत्ता जमलं!" आजोबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात पावाला जाम लावत होते. मला वाटलं, आजोबा उत्साहानं दोन्ही भूमिका स्वतःच करताहेत. नवऱ्याची ही प्रगती बघून माझं मन भरून आलं. मी आतून मोठ्यानं ओरडले, "शाब्बास! अजिबात उघडू नका हं! कितीही बोंबलू दे!"

बाहेर मामंजी सासूबाईंकडे वळले. "ऐकलंस? सून काय म्हन्ती? बोंबलू दे!"

"आवं, पन त्या पाटीवर काय लिवलंय ते तरी वाचा की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

मामंजींनी चष्मा लावला. "कृपया... तरास... देऊ... नये." चष्मा काढला. "आमी तरास हाय. चल, रहिमतपूरला."

सासूबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना टेबलावरची घंटा दिसली होती. घंटा दिसली म्हणजे आसपास देव असणारच! त्यांनी चपला काढल्या, पदर सारखा केला, घंटा वाजवली आणि डोळे मिटून हात जोडले.

घंटा ऐकून मी धावत बाहेर आले. मला वाटलं, आजोबा पुढच्या प्रवेशाला आले, म्हणजे टॉवेलांची तक्रार करायला. मी टेबलाशी बसले, वही उघडली, आणि मान वर न करता अत्यंत शुद्ध उच्चारात म्हणाले, "गुड मॉर्निंग! बुकिंग आहे का आपलं?"

"न्हाई बा," वरून आवाज आला. "ह्या घराचा पाया खांदताना आमी बुकिंग केलं न्हवतं."

मी मान वर केली. मिशी थरथरत होती, आणि तिला टांगलेली माझी इटलीही!

आजोबांना माझा आवाज आणि वडिलांचा आवाज एकाच वेळी ऐकू आला. एका बाईला दोन आवाज एकदम काढता येत नाहीत, हे इंजिनिअर असल्यामुळे त्यांच्या लक्षात आलं. कडी काढून ते "आबा! आबा!" करत धावत सुटले. किल्ली त्यांच्या हातात होती आणि किल्लीला, तुम्हाला आठवत असेल, बत्ता होता.

मामंजी दोन पावलं मागं सरले. "बापाला बत्ता दावतोस?"

"नाही हो आबा, ही किल्ली आहे!"

"सत्तरीला आलो, आजपातुर असली किल्ली बगितली न्हाई."

मामंजी ताडताड फाटकाबाहेर पडले. आजोबा त्यांच्या मागं धावले. पण फाटकापर्यंत गेल्यावर काय झालं कुणास ठाऊक, थबकले, उलटे धावत आले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, 'थँक यू' म्हणाले, आणि मग वडिलांच्या मागं गेले. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं!

मी वहीत डोकं घालून रडायच्या बेतात होते. तेवढ्यात सासूबाई पाटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तरास देऊ नये म्हंजी कुनी कुनाला?"

"खोलीत जो असेल त्याला. बाहेरच्यांनी."

"म्हंजी ही पाटी लावली की च्या मागाय कुनी यायचं न्हाई?"

"नाही."

"आन् माजा पटका कुटं हाय म्हून इचाराय?"

"नाही, आत्याबाई. हॉटेलात ते चालत नाही."

त्यांनी त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "लगीन होऊन हिकडं आले, पन असं कुनी माज्यासाटी लिवलं न्हाई बग." एवढं बोलून त्या आत गेल्या, दार लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं मामंजी परत आले. आजोबांच्या विनवण्यांमुळे नव्हे! त्यांची पानतंबाखूची चंची सासूबाईंच्या पिशवीत राहिली होती. त्यांनी सातव्या खोलीचं दार ठोठावलं.

"अगं ए, चंची दे."

आतून शांत, तृप्त आवाज आला. "आत्ता नगं. नंतर या."

सुभेदारसाहेबांना असा हुकूम उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले, आणि सासूबाईंची झोप पुरी होईपर्यंत बसूनच राहिले. मी समोर इटालियन न्याहारी ठेवली. त्यांनी पाव उलटासुलटा करून बघितला आणि बाजूला ठेवला. "लढाईत बी ह्याच्यापरीस मऊ मिळायचा."

संध्याकाळी निकाल लागला. "सूनबाई," मामंजी म्हणाले, "आमी 'व्हय' म्हनायलाच आलो हुतो. म्हून तर वाकळ आनली. पन आता तुमाला धाडायचं म्हंजी लय धोका हाय. तितल्या लोकांस्नी बी दाराभायेर हुबं करशीला!"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मग मी जाते शिरपासंगं."

"तू? इटलीला?"

"व्हय. हाटेलात ऱ्हायाला."

मामंजींना वाटलं, ही गंमत करते आहे. मला आणखी खिजवायला ते हसत म्हणाले, "जा की! तूच जा!" फौजी माणसाचा शब्द. मागं घेता येईना!

कंपनीला घरातलं एक माणूस हवं होतं, ते कोणतं हे त्यांनी लिहिलं नव्हतं. सासूबाई नऊवारीवर माझा स्वेटर घालून गेल्या. (बाह्या थोड्या लांब झाल्या, एवढंच.) जाताना पुठ्ठ्याची पाटी त्यांनी ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवली. तीन आठवडे ती पाटी आल्प्समधल्या त्या दाराला लटकत होती. तिथल्या कुणाला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण कसला तरी मंत्र असावा असं समजून कुणी आत पाऊल टाकलं नाही. खोली सासूबाईच झाडायच्या. बाकी वेळ खिडकीत बसून बर्फ बघायच्या. "लय निवांत," एवढंच त्यांचं प्रवासवर्णन. तेव्हा सूचना दुसरी: पाटी घरून न्या, आणि मराठीतच न्या.

आणि मी? मी विश्रामबागेत. आजोबा आणि सासूबाई निघाल्यावर मी व्हरांड्यातलं टेबल आवरायला गेले, तर मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्ये." दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. मी धावत बाहेर. मामंजी खुर्चीत ताठ बसलेले. "च्या." मग घंटा: पेपर. मग घंटा: "ह्या हाटेलात गरम पानी कवा मिळतं?" देवांनी माझ्यावर डूख धरला होता, दुसरं काय!

तीन आठवडे मी एका खोलीचं हॉटेल चालवलं. गिऱ्हाईक एकच, तेही बुकिंगशिवाय आलेलं. सासूबाई परत आल्यावर मामंजी त्यांना घेऊन रहिमतपूरला निघाले. फाटकापाशी ते थबकले, मागं वळले, भिंतीवरचा नियमांचा कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, आणि घंटेखाली चार आणे ठेवून निघून गेले.

तर मुलांनो, इटलीतल्या हॉटेलाबद्दल मला आयुष्यात मिळालेली टिप एवढीच. ती तुम्हाला हवी असेल तर पाठवून देते!