नोटिशीचा आकडा

आमच्या लग्नावर कादंबरी लिहायचा मी दोनदा घाट घातला. त्यात मटक्याच्या अड्ड्याच्या मालकाच्या हातात पिस्तूल दिलं, नायकाला भर पावसात उभं केलं आणि चाळीस पानांत स्वतःच कंटाळले. खरा मटकेवाला आमच्या घरी पेढे घेऊन आला होता.

नव्वदीतलं कोल्हापूर. माझे वडील शाळेत संगीत शिकवायचे. एक तरुण बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि राग समजून घ्यायला संध्याकाळी त्यांच्याकडे यायचा. वडिलांचा तो लाडका शिष्य. पण तो बौद्ध, आणि आम्ही सोवळंओवळं मिरवणारे. त्याच्या सुरांना घरभर मोकळीक होती, त्याला मात्र बाहेरच्या खोलीपुढे नव्हती. मी आत बसून ऐकता ऐकता त्याच्या प्रेमात पडले. याचा दोष मी अजून वडिलांनाच देते.

आम्ही गुपचूप नोंदणी विवाहाची नोटीस दिली. तीस दिवस ती कचेरीतल्या फलकावर राहणार, तेवढ्यात कुणी आक्षेप घेतला नाही तर लग्न. वडिलांना कळलं तर ते मोडता घालतील, याची मला धास्ती होती. पण फलक वाचतंय कोण, असं आम्हाला वाटलं, आणि तिथंच फसलो. आमच्याकडे मटका खेळणाऱ्यांना आकडा कशातही दिसायचा. एसटीच्या नंबरात, स्वप्नात, लग्नपत्रिकेत. तालमीमागे अड्डा चालवणारा, ज्याच्या नुसत्या नावानं पेठ टरकायची, असा एकजण कसल्याशा कामानं कचेरीत गेला होता. दुसऱ्यांचे आकडे घेता घेता तो स्वतःही लावायचा. आमच्या नोटिशीचा क्रमांक त्यानं लावला. आणि लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. "सर, त्वांड गोड करा. पोरीच्या लग्नाचा आकडा लागला की!"

"कुणाच्या लग्नाचा?" वडिलांनी विचारलं.

त्यानं सगळं सांगून टाकलं, नवरदेवाच्या पत्त्यासकट. वर छाती ठोकून म्हणाला, "लई लक्ष्मीच्या पावलाची पोरगी हाय. ह्या लग्नाच्या आडवा कोन आला तर फकस्त सांगा. तंगडं मोडून ठेवतो."

आडवे येण्यासारखे एकटे वडीलच होते. त्यांच्या हातात पेढा तसाच राहिला. मला हसूही फुटत होतं आणि भीतीही वाटत होती.

मटकेवाला गेल्यावर वडील उठले. चष्मा घेतला, सायकल काढली आणि थेट कचेरीचा रस्ता धरला. माझा क्लॅरिनेटवाला मलकापूरला एका लग्नात वाजवायला गेलेला. सांगणार कुणाला? आता संपलंच सगळं, असं वाटलं.

दुपारी धीर करून मीच कचेरीत गेले. कारकून वैतागला होता. "तुमच्या वडिलांनी लेखी अर्ज दिलाय," असं म्हणून त्यानं कागद पुढे सरकवला.

नोटिशीत नवरदेवाच्या व्यवसायापुढे 'मजुरी' होतं. त्यानं स्वतःच तसं लिहून दिलं होतं, बँडवाल्याला वादक कोण म्हणणार म्हणून. अर्जात वडिलांनी आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं होतं, 'ही माहिती चुकीची आहे. मुलगा वादक आहे. मी त्याचा गुरू आहे. कृपया दुरुस्ती करावी.'

लग्नाबद्दल आक्षेपाचा एक शब्दही नव्हता. मी त्या कारकुनासमोरच मोठमोठ्यानं रडले.