खिडक्यांना तेल

आमच्या कोंढ्याच्या घराला सहा खिडक्या आहेत आणि त्या सहाही मी एका शनिवार-रविवारात बिघडवल्या. लोक म्हणतात, दुरुस्त केल्या. सुतारही तेच म्हणतो, आणि त्या बिचाऱ्याचं काम चोख आहे यात शंका नाही. एकही पल्ला अडत नाही, एकही कब्जा, म्हणजे बिजागरी, कुरकुरत नाही. बिघाड कुठे झाला ते फक्त मला आणि आईला माहीत आहे.

बाबा जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर होते. माझं सगळं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. दर पौर्णिमेला सकाळी, बुद्धवंदनेला बसायच्या आधी, ते तेलाची कुपी घेऊन घरभर फिरायचे. प्रत्येक कब्जात एक थेंब, प्रत्येक चिटकनीत, म्हणजे कडीत, एक थेंब. मग हात धुऊन पांढरा सदरा घालायचे. रोज मशीनशी झगडणारा माणूस घरीही यंत्रांचीच सेवा करतो म्हणून आई चिडवायची. "आवाज करते ते झिजते," एवढंच बाबा म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते धर्मवचनच वाटायचं. कुरकुरणारी कोणतीही वस्तू मला आजही सहन होत नाही. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा खुर्ची कमी कुरकुरते.

रिटायर झाल्यावर बाबांनी कोंढ्याला घर बांधलं. खिडक्या सागवानाच्या, पल्ले आत उघडणारे, कब्जे भंडाऱ्याहून आणलेले पितळेचे. चिटकन्या बसवताना त्यांनी आईला प्रत्येक खिडकीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि तिचा हात जिथे आरामात पोचला तिथे पेन्सिलीनं खूण केली. आई बुटकी आहे. आमच्या घरात पाहुण्यांना चिटकनी शोधायला वाकावं लागायचं.

पुढे आईला काचबिंदू झाला. नजर कडेकडेनं जात राहिली. फोनवर विचारलं की म्हणायची, "थोडंसं धुकं असते बाबू, बाकी सगळं दिसते." मी नागपूरला, नोकरीत अडकलेलो. महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. आई चहा करायची, कप बरोबर माझ्या हातात द्यायची, विहारात जाऊन यायची. मला तिचं म्हणणं खरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, खरं वाटून घेणं मला सोयीचंही होतं.

त्याच वर्षांत एक गोष्ट मात्र माझ्या नजरेस आली. बाबांनी तेल देणं सोडलं होतं. कुपी माळ्यावर पडलेली, कोरडी. तळ्याकडची खिडकी कण्हायची, बैठकीची खडखडायची, मागच्या खोलीतली तर अशी किंचाळायची की मी दचकायचो. मी त्यांना टोचून बोललो होतो, "फिटरच्या घरच्या खिडक्या अशा बोंबलतात, लोक काय म्हणतील?" बाबा हसले होते. "म्हातारपण आलं. त्यायले बी अन् मले बी."

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर आईला नागपूरला नेण्यावरून आमची दर खेपेला वादावादी व्हायची. ती ऐकत नव्हती. स्वतःचा चहा स्वतः करता येतो तोवर हे घर सोडणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. मीही हट्टी. पण ती माझी आई, तिच्यापुढे माझा हट्ट कुठे टिकणार!

मग गेल्या हिवाळ्यात एक वानर स्वयंपाकखोलीत शिरलं. तिथली चिटकनी झिजली होती, ढकलल्यावर उघडली. वानरानं भाताचा गंज, अख्खं पातेलं, पालथं केलं आणि गेलं. शेजारणीनं मला फोन केला. आईला काही झालं नव्हतं, पण मी मनातून हादरलो. पुढच्याच शनिवारी नागपूरहून पिशवीभर सामान घेऊन निघालो. स्टीलचे कब्जे, स्टीलच्या लांब चिटकन्या, पल्ले आपटू नयेत म्हणून रबराच्या पट्ट्या. दुकानात मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, बाबा बघायचे तशी, उजेडात धरून पाहिली होती.

आई म्हणाली, "रांधणीतली चिटकनी तेवढी बदल. बाकी चालते ना. कायले हात लावून राहिला?"

"सगळं झिजलंय आई. किती आवाज करतं ते."

"करू दे ना आवाज."

गावातला सुतार आला, जयभीम घातला, पिशवीत डोकावला आणि पहिल्यांदा हेच विचारलं, "मावशीले विचारलं का जी? पितळेचा माल हाय, अजून धा वर्षं जाते." मी त्याला म्हटलं, मावशीला काय विचारायचं, तिला कुठे नीट दिसतं? आई तिथेच खाटेवर बसली होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दोन दिवस काम चाललं. जुनी भोकं सुतारानं लाकूड ठोकून बुजवली. नव्या चिटकन्या लांब होत्या, म्हणून त्या वरच्या बाजूला गेल्या. त्याला उंची मी दिली, माझा हात पोचेल ती. बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा रंधा मारताना निघून गेल्या. एकेक खिडकी झाली की आई विचारायची, "आता कोणती झाली?" मी सांगायचो, तळ्याकडची झाली, बैठकीची झाली. मला वाटायचं, कौतुकानं विचारते आहे. रविवारी दुपारी मी माळ्यावरची कुपी काढली, धुतली, भरली आणि सहाही खिडक्यांना तेल दिलं. पल्ले हलवून पाहिले. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. बाबांचं राहिलेलं काम आपण पुरं केलं असं वाटून मला भरून आलं. जुनं पितळ सुतारानंच भंगारवाल्याच्या गाडीत टाकलं आणि मी संध्याकाळच्या बसनं परतलो.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा आईच्या उजव्या भुवईवर काळंनिळं टेंगूळ होतं. मागच्या खोलीतल्या उघड्या पल्ल्यावर आपटली होती. शेजारीण तिला चहा आणून देत होती. बाकीच्या पाच खिडक्या बंद होत्या. मी नागपूरला परतलो त्या दिवसापासून बंदच होत्या.

मी चिडलोच. आधी सुतारावर, मग तिच्यावर. पल्ला उघडा टाकायचा कशाला, बघून चालता येत नाही का, असंही बोलून गेलो.

"बघून?" आई म्हणाली. "चार वर्षं झाले बाबू, मले काईच नाही दिसत."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

मग ती सांगत गेली, अगदी साधेपणानं, कुणाला गावाचा रस्ता सांगावा तशी. तळ्याकडची खिडकी वाऱ्यानं कण्हे, ती डाव्या कानाशी ठेवून चाललं की रांधणीचं दार येई. पुढचं दार कुणी उघडलं की बैठकीची खिडकी एकदा खडखडे, मग कळे की घरात माणूस आलं. मागच्या खोलीतला पल्ला नुसता हलला तरी किंचाळे, म्हणून त्यावर ती कधीच आपटली नाही. आता सगळीकडे एकच मुकेपणा. खाटेवरून उठलं की आपण कोणत्या खोलीत आहोत हेच तिला कळत नव्हतं. आणि चिटकन्यांपर्यंत तर तिचा हातच जात नव्हता.

"तुह्या बाबानं तेल देणं काहून सोडलं, तुले काय वाटलं?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, म्हातारपणानं.

मग तिनंच सांगितलं. तिची नजर पूर्ण गेली त्या महिन्यात बाबांनी सवयीनं पौर्णिमेचं तेल दिलं होतं. त्या दुपारी आई घराच्या मधोमध उभी राहून रडू लागली, तिला रांधणी सापडेना. बाबांनी त्या दिवसापासून कुपीला हात लावला नाही. एखादा कब्जा फार गप्प झाला तर ते त्याचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करायचे, चुलीतली बारीक राख फुंकायचे आणि पल्ला हलवून तिला विचारायचे, "आता ऐकू येते का?" सारी हयात आवाज मिटवण्यात घालवलेला माणूस म्हातारपणी बायकोसाठी आवाज तयार करत बसला होता. आणि मी त्याला लोक काय म्हणतील ते विचारत होतो.

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगतलं असतं तर तू मले तवाच नागपूरले नेलं असतं."

हे खरं होतं. दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं, आणि मी मुलगा असून मला चार वर्षं पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेलो. वरातीमागून घोडं. माल केव्हाच पुढे गेला होता. परत येऊन रबराच्या पट्ट्या उपटल्या, तेल पुसलं, स्क्रू ढिले केले, कब्जात राख घातली. चिटकन्या सुताराकडून खाली घेतल्या. स्टील कुरकुरलं नाही, नुसतं खटखटलं, आणि सहाही खिडक्या अगदी एकसारख्या खटखटल्या. मी आईचा हात धरून तिला बैठकीत उभं केलं आणि एकेक पल्ला हलवत, "ही कोणती सांग," असं विचारत राहिलो. तिनं तीनदा चुकीचं सांगितलं. चौथ्यांदा ती अंदाजानं बरोबर बोलली, माझं मन राखायला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू चांगल्याचसाठी केलं."

संध्याकाळी तिनं स्वतःच नागपूरला निघायला पेटी काढायला लावली. पांढरी लुगडी वर ठेव म्हणाली, पौर्णिमा जवळ आली आहे. कितीतरी खेपा मी जे मागत होतो ते ती आता न मागता देत होती, आणि तिनं नाही म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो. ती नाही म्हणाली नाही. लुगड्याची घडी चाचपत तिनं फक्त विचारलं, "तुह्या घरच्या खिडक्या कसा आवाज करतेत?"

आमच्या फ्लॅटच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या आहेत, सरकत्या. सगळ्या मीच बसवून घेतल्या आहेत. त्यांतली एकही आवाज करत नाही.

"करतात," मी म्हणालो. "सगळ्या करतात."