घरी जा म्हणायचं राहून गेलं

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत संगणक आला आणि त्याच्यामागोमाग मीही, प्रोग्राम लिहायला, तात्पुरती म्हणून. ती गार, अंधारी खोली आणि काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं. तिथं बसलं की आपण तलावाच्या तळाशी बसलोय असं वाटायचं.

काम होतं जिल्ह्यातल्या तलावांची यादी छापायचं. माझी शक्कल अशी, की मुख्य प्रोग्रामनं आपल्यासारखीच लेकरं, म्हणजे स्वतःच्याच चालत्या नकला, काढावीत, एकेकानं एकेक तालुका घ्यावा, म्हणजे सगळं एकदमच उरकेल. कसचं काय! सुरू केलं की मशीन मुकं व्हायचं. पाहावं तर लेकरं डझनभर नाहीत, शेकडो. एक मारलं, म्हणजे बंद पाडलं, की दोन नवी. मूळ प्रोग्राम मारला, तर अनाथ लेकरं तशीच धावत राहिली. साहेबांनी बजावलं, "आज पाचपर्यंत यादी नाही निघाली, तर उद्यापासून येऊ नका."

त्या दुपारी आमच्या गावाहून, कोंढ्याहून, माय भेटायला आली. बाहेरच्या बाकावर मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या लुगड्याला चिखलाचा वास होता, माझे डोळे मिटत होते.

"काहून वं, तोंड उतरलं?"

"लेकरांना काम देते, पण ती थांबतच नाहीत."

"काम सरलं का काय करतेत?"

"पुढचं काम घेतात."

यात मला काहीच वावगं दिसत नव्हतं. आमच्याकडे धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, आपली बांधी, वाट्याचा शेताचा तुकडा, झाली की बाई न विचारता शेजारच्या बांधीत उतरते. बसून राहणारीला नावं ठेवतात. मीही तसंच लिहिलं होतं. तालुका संपवलेलं लेकरू पुढच्या तालुक्याकडे वळायचं आणि त्यासाठी स्वतःची लेकरं काढायचं.

"पण सांज झाली का मी रोवण्याच्या बायाइले सांगतो ना, जा आता घरी. तू सांगतलं का?"

मी आत पळाले. लेकराच्या कामाखाली एक ओळ घातली, बाहेर पड. मुख्य प्रोग्रामला सांगितलं, सगळी येईपर्यंत थांब. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, प्रोग्राम चालवला आणि पडद्यावरून एकेक लेकरू अलगद नाहीसं झालं. छपाईयंत्र करकरू लागलं, तेव्हा मला रडूच आलं.

साहेब यादी चाळत म्हणाले, "कुणी शोधली चूक?"

"मीच," मी म्हणाले.

माय दाराशीच उभी होती. शब्द परत घेता आला असता. मी घेतला नाही.

"हव साहेब," माय म्हणाली, "लय हुशार हाये माही पोरगी." आणि मनापासून हसली.